पांढरा डगला

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत सातवीच्या मुलांना मी चित्रासाठी 'दवाखाना' हा विषय दिला. चित्रकलेच्या पेपराला आमच्या शाळेत फारसे कुणी मोजत नाही. मुले मोजत नाहीत, मुख्याध्यापक मोजत नाहीत, आणि खरे सांगायचे तर गठ्ठा घरी नेल्यावर मीसुद्धा गाणी लावूनच तपासायला बसतो. एकेचाळीस चित्रे होती. तपासता तपासता ध्यानात आले की चाळीस मुलांना एकच अडचण आली होती आणि चाळिसांनी ती एकाच रीतीने सोडवली होती. डॉक्टरांचा डगला पांढरा आणि कागदही पांढरा. मग पांढऱ्यावर पांढरे काढायचे कसे? पोरांनी पेन्सिलीने डगल्याची नुसती कड काढली, मागची भिंत निळी केली, खाट तपकिरी केली, सलाईनच्या बाटलीलासुद्धा रंग दिला, आणि डगला तसाच सोडला. कोरा.

रंगपेटीतली पांढरी कांडी तशी कुणाच्या उपयोगाची नसते. वर्ष संपताना बाकीच्या कांड्या झिजून बोटाच्या पेराएवढ्या होतात, आणि ही मात्र आणली त्या दिवशी होती तेवढी लांब.

एकेचाळिसाव्या चित्रात डगला नव्हताच. हिरवी साडी नेसलेली एक बाई, खाटेवरच्या दुसऱ्या बाईचा हात धरून बसली होती. मी त्या मुलीला बोलावून विचारले, "यात डॉक्टर कोण गं?"

"ही काय, हिरव्या साडीची."

"मग डगला कुठं आहे तिचा?"

"त्या दिशी नव्हता घातला, सर. पण माय बरी झाली."

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. चित्र काही एवढे चांगले नव्हते.

मी मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, पण वडिलांनी शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हटले आणि मलाही तो शब्द जरा भारदस्त वाटतो. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, मास्तर झालो, रात्री जागून चार कादंबऱ्या लिहिल्या. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात एवढ्या भांडवलावर माणूस शहाणा ठरतो. आणि कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले की या शहाण्याला बोलावणे येते. कागद वाचायला कुणीतरी बरोबर लागते ना!

पण आईला न्यायचे म्हणजे शहाणपण उंबऱ्याशीच ठेवून जावे लागे. तीनएक वर्षांपूर्वी तिला आठ दिवस ताप येत होता. वैशाखाचे दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो तर वीज गेलेली. आत पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी बसली होती. फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस, केस वर बांधलेले, गळ्यात नळी. तिने आईची नाडी पाहिली, पाठ ठोकून पाहिली, जीभ पाहिली, पापण्या खाली ओढून पाहिल्या. रात्री घाम सुटतो का, भूक लागते का, घरात आणखी कुणी खोकते का, असे वीस तरी प्रश्न विचारले. गोळ्या दिल्या. आम्ही बाहेर ओट्यावर आलो तर आई तिथेच बसून राहिली.

"चल की आता."

"आरं, डाक्तर तर यिऊ दे. कवा यायचाय त्यो?"

"अगं, आत्ता तपासलं ती डॉक्टरच होती."

आईने माझ्याकडे पाहिले. मिशा पिकायला लागल्या तरी आपले पोर अजून फसतेच, याचे तिला वाईट वाटले असावे. "ती व्हय? ती तर आपल्या पोरीवाणी हाय!"

गोळ्या तिने घेतल्या नाहीत. देवळीत गणपतीच्या मागे ठेवून दिल्या. पाचव्या दिवशी त्या मला सापडल्या. पुन्हा तिला नेले. या खेपेस वीज होती, पंखा फिरत होता, आणि त्याच मुलीच्या अंगात पांढरा डगला होता. मुलगी तीच, नळी तीच, गोळ्याही त्याच. आईने घरी येताच पहिली गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेतली आणि संध्याकाळी शेजारणीला सांगितले, "आज खरी डाक्तरीन भेटली बाई. काय हाताला गुन हाय तिच्या!"

पुढे ओळख झाल्यावर ही हकीकत मी डॉक्टरीणबाईंना सांगितली. त्या हसल्या, पण फार हसल्या नाहीत. "सर, उन्हाळ्यात या कोटात जीव जातो. पण काढला की मी लोकांना नर्स वाटते. माझ्याबरोबरच्या मुलांनी कोट नाही घातला तरी त्यांना डॉक्टरच म्हणतात." परिचारिका असणे काही कमीपणाचे नाही, असे काहीतरी पुस्तकी मी म्हणालो. ते त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते.

आईला हसणे सोपे आहे. पण बिचारीने करावे तरी काय? भिंतीवर टांगलेली पदवी तिला वाचता येत नाही. मला वाचता येते, पण तीतले मला तरी काय कळते? आजारी माणूस त्याला वाचता येते ते वाचतो, आणि कापड सगळ्यांनाच वाचता येते. डोक्यावर मोरपिसांची टोपी नसेल तर पहाटे वासुदेवाच्या झोळीत दाणे कोण घालील? माझ्या लहानपणी गावात वैदू येत. पागोटे, गळ्यात माळा, खांद्यावर झोळी आणि झोळीत कसल्या कसल्या मुळ्या. बोडक्या डोक्याच्या वैदूकडून कुणी चिमूटभर भुकटीसुद्धा घेतली नसती.

आमच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पंचीकरणाचा अवघा विषय त्या पुरुषाने लांबच लांब कापडावर लिहून काढला. तेव्हा कापड वाचणे म्हणजे काय, हे आम्हा बीडकरांना कुणी शिकवायला नको! फरक एवढाच की पासोडीवर अक्षरे आहेत. डगल्यावर नसतात, ती आपण आपल्या पदरची घालतो.

आणि हा डगला तरी मुळात पांढरा कुठे होता? चित्रकलेच्या मास्तराला इथे दोन चित्रांविषयी बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला टॉमस ईकिन्स नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने १८७५ साली डॉक्टर ग्रॉस यांच्या शस्त्रक्रियेचे चित्र काढले. ग्रॉस काळा लांब कोट घालून उभे आहेत, बोटे रक्ताने माखलेली आहेत, भोवतालचे मदतनीसही काळ्या कोटांत. घरातून निघावे आणि वाटेत कुणाला कापून जावे तसे! एका बाजूला एक बाई हातांनी तोंड झाकून घेते आहे. मग १८८९ साली त्याच चित्रकाराने त्याच शहरातल्या डॉक्टर ॲग्न्यूंचे चित्र काढले, आणि त्यात शस्त्रक्रिया करणारे सगळे पांढऱ्या कपड्यांत आहेत. मधे अवघी चौदा वर्षे गेली. जंतू नावाचे काही असते आणि ते मारता येते, ही लिस्टरची १८६७ पासूनची शिकवण तोवर पटत आली होती. त्याआधी जितका डगला रक्ताने कडक झालेला तितका डॉक्टर मुरलेला, असेही मानीत. पांढऱ्या कापडाने ते उलटे केले. माझ्यावर डाग पडला तर तुला दिसेल, असे ते कापड रोग्याला सांगू लागले.

याच चौदा वर्षांच्या पोटात, १८८३ ते १८८६, आपल्या आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियाला वैद्यक शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ चे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली आपल्याकडच्या वेषात. तिघी डॉक्टर होऊ घातलेल्या. आणि आज आपण ज्याला डॉक्टरचा वेष म्हणू तो एकीच्याही अंगावर नाही. पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगून. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला वारल्या तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. साडीतल्या डॉक्टरणीकडून आपल्या खापरपणज्यांनी औषध घेतले असते, की देवळीत ठेवून दिले असते, हे पाहायची वेळच आली नाही.

हे सगळे अडाण्यांचे वेड, असे मात्र कुणी म्हणू नये. २००५ साली अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात एक पाहणी झाली. दवाखान्यात आलेल्या चारशे माणसांना वेगवेगळ्या कपड्यांतल्या डॉक्टरांची नुसती छायाचित्रे दाखवली आणि यांतला तुम्हाला कोण हवा, असे विचारले. चारांपैकी तिघांनी पांढरा डगला निवडला. मनातल्या लाजेच्या गोष्टीही त्याच्याजवळच बोलू म्हणाले. माझी आई तिथे असती तर एकटी पडली नसती. इंग्लंडात मात्र २००७-०८ साली सरकारी दवाखान्यांतून डगल्याला रजा दिली. लांब बाह्या या खाटेवरचे जंतू त्या खाटेवर नेतात, अशी शंका आली म्हणे. जंतूंच्या धाकाने आलेला पाहुणा जंतूंच्याच धाकाने गेला.

इथवर आलो तर आता बहिणीची गोष्ट टाळता येणार नाही. दिवाळी अंकात ती घालावी की नाही असे दोनदा मनात आले. पण आमच्याकडे दिवाळी आणि ती गोष्ट एकाच हंगामात येतात.

माझी धाकटी बहीण ऊसतोडीला जाते. कोरडवाहू घरात दिली होती. दुसरे काय होणार? दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या डोंगरपट्ट्यातली घरेच्या घरे कुलपे लावून निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर पैसे कापून जातात. पाळी आली म्हणून, ओटीपोट दुखते म्हणून खाडा परवडत नाही. फडात आडोसा नसतो, पुरेसे पाणी नसते, आणि डोक्यावर मोळी असते.

२०१२ च्या उन्हाळ्यात ती परत आली ती पोट धरूनच. अंगावरून पांढरे जात होते. असले दुखणे भावाजवळ काढायला तिला चार दिवस लागले. मी तिला एका मोठ्या गावच्या खासगी दवाखान्यात नेले. गावाचे नाव सांगत नाही, दवाखान्याचेही नाही. डॉक्टरांच्या अंगात परीटघडीचा पांढरा डगला होता. खिशावर लाल दोऱ्याने नाव भरलेले, खिशात दोन पेने. यंत्रावर तपासणी झाली. दहा मिनिटांत त्यांनी सांगितले, "पिशवी खराब झालीय. आज ना उद्या कॅन्सर होईल. दोन मुलं आहेतच. काढून टाकलेली बरी."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. "दादा, तू म्हनशील तसं."

आणि मी डगल्याकडे पाहिले. चार कादंबऱ्यांत मी पात्रांच्या तोंडी 'का?' हा प्रश्न किती वेळा घातला असेल याची गणती नाही. त्या दिवशी तो माझ्या तोंडातून एकदाही निघाला नाही. 'नातेवाईक' असे छापले होते त्यापुढे मी सही केली. अक्षर माझे चांगले आहे.

पस्तीस हजार रुपये लागले. माझ्याजवळ दहा होते. बाकीचे मुकादमाने उचल म्हणून दिले, आणि पुढच्या हंगामात तो पैसा तिने पाठीला पट्टा बांधून फेडला. ती एकतीस वर्षांची होती. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, रात्रीची झोप लागत नाही, गुडघे धरतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पुढे ते जुने कागद पाहिले. बराच वेळ पाहिले. "आधी गोळ्या देऊन बघायला हवं होतं," एवढेच म्हणाल्या.

२०१९ साली या गोष्टीचा बोभाटा झाला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. यांतल्या सगळ्याच शस्त्रक्रिया विनाकारण झाल्या असे मी म्हणणार नाही; पुष्कळ जणी खरोखरच दुखण्याने बेजार झालेल्या होत्या, आणि खाडा नको म्हणून काहींनी आपण होऊनही ती नको म्हटली होती. पुढे खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून ही शस्त्रक्रिया करू नये असे ठरले. बरे झाले. पण त्या आकड्यातला एक माझ्या सहीचा आहे.

त्या दिवसातले काय काय आठवते ते पाहावे म्हणून एका रात्री कागद घेऊन बसलो. डगला जसाच्या तसा उतरला. कॉलरची घडी, लाल दोऱ्याचे नाव, पेनांची टोपणे, सगळे. चेहरा काही केल्या उतरेना. मी चेहऱ्याकडे पाहिलेच नव्हते. आणि सातवीच्या पोरांना मी दर वर्षी सांगतो की, आधी नीट बघा, मग काढा!

माझ्यापेक्षा गडचिरोलीचे आदिवासी शहाणे म्हणायचे. १९८६ च्या सुमारास डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी तिकडे 'सर्च'चे काम सुरू केले. दवाखाना असूनही लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तरे पुष्कळ आली, आणि त्यांत एक कपड्यांविषयी होते. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरेच घालून हिंडतात. मढ्याचे कापड अंगावर घेणारा जिवंत माणसाला कसा वाचवील? हे ऐकून घेणारे डॉक्टर भेटले हे त्या लोकांचे भाग्य. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासींच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. मला यात त्या विचारण्याचे फार मोल वाटते. पांढरे का, असे आमच्यांपैकी कुणी कधी विचारले आहे? पांढरा म्हणजे चांगला, हे आम्ही धरूनच चालतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक डॉक्टर आहे. त्याचा चांगुलपणा दाखवायला मला एकही प्रसंग लिहावा लागला नाही. पांढरा डगला घातला की काम झाले. वाचकांनीही हरकत घेतली नाही.

त्याच मुलखात आणखी दक्षिणेला हेमलकसा आहे. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे डॉक्टर प्रकाश आमटे भोवतालच्या माडियांच्या अंगावर वीतभर कापड पाहून बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले, ते तसेच राहिले. म्हणून काही लोक लगेच रांगा लावून आले नाहीत. लोक आले ते नंतर, मरणाच्या दारातली माणसे उठून चालू लागलेली पाहिल्यावर. कापड उतरवल्याने कापडाची भीती तेवढी गेली असेल. पुढचे सगळे हातांनीच करावे लागले. नाहीतर मला ती एक धास्ती वाटतेच. बनियनवाल्यावर लोकांचा भरवसा बसतो असे एकदा पसरले, आणि उद्या कुणी परीटघडीचे बनियन घालून दवाखाना मांडला तर?

गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या गावी ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांची तपासणी झाली. आमच्या डॉक्टरीणबाईच आल्या होत्या. तीन वर्षे त्या इथे टिकल्या, हेही एक नवलच. नवरात्रातला तो दिवस हिरव्या रंगाचा, म्हणून आशाताईंबरोबर त्याही हिरवी साडी नेसून आलेल्या. समाजमंदिरात पंखा नव्हता, तेव्हा डगला त्यांनी काढून खुर्चीवर टाकला होता. हे सगळे मला पुढे बहिणीकडून कळले. ती त्या दिवशी माहेरी होती आणि नंबर लावून बसली होती.

तिचा नंबर आला तेव्हा तिने विचारले, "बाई, पिशवी म्हंजी नेमकं काय आसतंय वो?"

तेरा वर्षे झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर उलटा केला आणि त्याच्या पाठीमागे बॉलपेनने चित्र काढून दाखवले.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर बहिणीने कमरेच्या पिशवीतून तो घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "दादा, हे जरा नीट काढून दी. मोठं काढ. टोळीतल्या बायांना दाखवायचंय. कोन बी म्हनलं काढा, तर आधी हे म्होरं ठिऊन इचारायचं, कामून काढायची. सही मागून."

चित्र वाईटच होते. बैलाचे तोंड म्हणून कुणी ओळखले असते. मी शाळेच्या कपाटातून मोठा जाड कागद आणला आणि डॉक्टरीणबाईंना दोनदा फोन करून, कुठे काय असते ते विचारून घेतले. मांडी घालून बहीण शेजारी बसली होती. पेन्सिलीने सगळी कड काढून झाल्यावर मी विचारले, "रंग कोणता देऊ?"

"कोंचा बी दी. पर कोरं ठिऊ नगं."

मी गेरूसारखा तांबडा दिला, आणि भोवताली हळदीचा. तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रक निघाला. पीठ, सरपण, कोंबड्यांची डाल, लेकरे, सगळे वर चढले. चित्राची गुंडाळी मी पत्र्याच्या पेटीत घालायला सांगत होतो, पण रंग अजून पुरता वाळला नव्हता, म्हणून ती तिने हातातच धरली होती.